परवानगीवर सही आहे, पण सही करणाऱ्याला अधिकार होता का?

गेल्या व्हिडिओत आपण व्यवसायासाठी जागा घेण्याआधी कोणते कागद बघायचे ते पाहिलं. डहाणू आणि तलासरीकडच्या बऱ्याच जणांचा प्रश्न होता, "कागद सगळे आहेत, शिक्के आहेत, सही आहे, तरी वकील म्हणतात परवानगी चालणार नाही. असं कसं?" दुसऱ्या बाजूचाही प्रश्न होता, "शेजारच्या बागेत इमारत उभी राहतेय, ते म्हणतात आमच्याकडे परवानगी आहे. मग आपण काय करायचं?"

हे दोन्ही एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. ज्याला द्यायचा अधिकारच नाही त्याने परवानगी दिली, तर त्या कागदाचं काय होतं आणि कोर्टात कोणता दरवाजा उघडतो? व्हिडिओत दहा मिनिटांत हे मावत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. शांतपणे वाचा, यात तुमची आयुष्यभराची पुंजी अडकलेली असू शकते.

आधी एक फरक समजून घ्या

परवानगीत दोन प्रकारचे दोष असतात.

पहिला, परवानगी देणारा अधिकारी योग्य आहे, पण त्याने निर्णय चुकीचा घेतला. उदाहरणार्थ, रस्त्याची रुंदी नीट मोजली नाही किंवा एखादी अट घालायची राहिली. हा चुकीचा हुकूम.

दुसरा, परवानगी देणाऱ्याला तो अधिकारच नव्हता. गावठाणाबाहेरच्या जमिनीला ग्रामपंचायतीने परवानगी दिली. किंवा दुसऱ्या प्राधिकरणाची संमती आधी घ्यायलाच हवी होती आणि ती न घेता फाईल पुढे सरकली. हा अधिकारबाह्य हुकूम.

सामान्य माणसाला दोन्ही सारखेच वाटतात. कोर्टात मात्र फार मोठा फरक पडतो. चुकीच्या हुकमात कोर्ट सहसा हात घालत नाही, "अपिलात जा" म्हणतं. अधिकारबाह्य हुकमाचा पायाच नसतो. किती पैसे खर्च झाले, किती वर्षं झाली, किती लोक राहायला आले, यातल्या कशानेही तो हुकूम वैध होत नाही. कायद्याने जे दिलेलं नाही ते कोणाच्या सहीने तयार होत नाही.

डहाणूत हा प्रश्न जास्त टोकदार का?

कारण इथे एकाच जमिनीवर कायद्यांचे चार-पाच थर आहेत आणि प्रत्येक थराचा मालक वेगळा.

पहिला थर नगररचनेचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे आपण ज्याला एमआरटीपी म्हणतो तो. प्रादेशिक आराखड्याच्या क्षेत्रात कलम १८ प्रमाणे नगरपरिषदेच्या हद्दीत नगरपरिषद आणि बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी परवानगी देतात. शेतीव्यतिरिक्त कोणताही वापर करायचा तर ती आधी लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीचे हुकूम ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातले असणार. जुना कागद बघताना हे लक्षात ठेवा.

दुसरा थर फक्त डहाणूचा. २० जून १९९१ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांचे हिरवा, नारिंगी आणि लाल असे तीन गट केले. हिरव्या गटाला राज्याच्या यंत्रणा परवानगी देऊ शकतात, नारिंगीला केंद्राच्या मंत्रालयाची मंजुरी हवी, लाल गटाला बंदी. शिवाय साऱ्या तालुक्यात मिळून उद्योगांसाठी कमाल ५०० एकर. या अधिसूचनेत पुढे दुरुस्त्या झाल्या. मूळ अधिसूचनेत तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा बफर पट्टाही होता, म्हणून तलासरीवाल्यांनी "आपण डहाणूत नाही" असं म्हणून सुटका करून घेऊ नये. आज लागू असलेला मजकूर आपल्या वकिलाकडून तपासून घ्या.

तिसरा थर किनाऱ्याचा, म्हणजे सीआरझेड. चिंचणी, डहाणू, नरपड, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात समुद्र आणि खाडीपासूनच्या अंतरावर सगळं ठरतं. यात किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचं म्हणणं लागतं.

चौथा थर आदिवासी जमिनीचा. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकणं तर सोडाच, भाड्याने देतानाही पूर्वमंजुरी लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची, त्यापुढच्याला राज्य सरकारच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची. शेड भाड्याने घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

पाचवा थर ग्रामसभेचा, म्हणजे पेसा. इथे दोन्ही बाजूंनी गैरसमज आहे. ग्रामसभेचा ठराव म्हणजे बांधकाम परवानगी नाही. आणि जिथे ग्रामसभेला विचारणं कायद्याने बंधनकारक आहे तिथे ते टाळलं, तर तोही दोष आहे.

आता विचार करा. एवढे थर असताना एका टेबलावरच्या एका सहीने सगळं काम झालं असं कोणी सांगितलं, तर शंका यायला हवी की नाही?

जे कागद परवानगी नसतात

हे चार कागद घेऊन लोक निर्धास्त असतात.

१. घरपट्टी आणि नमुना ८. कर लावला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नाही. कर हा कर आहे.

२. एनए हुकूम. जमीन बिनशेती झाली, पण त्यावर काय आणि किती बांधायचं याची परवानगी वेगळी.

३. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. ग्रामपंचायतीचा बांधकामाबाबतचा अधिकार गावठाणापुरता. प्रादेशिक आराखड्यातल्या शेतजमिनीवर तो दाखला म्हणजे फार तर "आमची हरकत नाही" एवढंच.

४. दुसऱ्या शहरासाठीच्या नियमावलीवर काढलेला नकाशा. २०२० साली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तेव्हा केंद्राने अधिसूचित केलेले पर्यावरण-संवेदनशील प्रदेश तिच्यातून वगळले होते. त्यामुळे वसई-विरारला चाललेला नकाशा डहाणूत तसाच चालेल असं गृहीत धरू नका.

कोर्टांनी आजवर काय केलं?

*उडुपी, १९७४.* कर्नाटकातल्या उडुपीत नगरपालिकेने नगररचना योजनेच्या विरोधात जाऊन निवासी भागात सिनेमागृहाला परवानगी दिली. शेजारचा रहिवासी के. रामदास शेणॉय कोर्टात गेला. उच्च न्यायालयाने परवानगी योजनेच्या विरुद्ध असल्याचं मान्य केलं, पण मालकाने खूप पैसा घातलाय म्हणून दिलासा दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, त्या भागातला साधा रहिवासीही बेकायदा परवानगीला आव्हान देऊ शकतो. दोन, "माझे पैसे गेले" हा बचाव नाही.

*डहाणू, १९९६.* आपल्या तालुक्याचा खटला. पर्यावरण क्षेत्रातले संपादक बिट्टू सहगल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की १९९१ ची अधिसूचना पाळली जात नाही. कोर्टाने नीरी या संस्थेकडून अहवाल मागवला. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशात कोर्टाने निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं. त्याप्रमाणे १९ डिसेंबर १९९६ ला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. म्हणजे एका याचिकेने कोर्टाला नुसतं "हे थांबवा" म्हणायला लावलं नाही, तर "डहाणूत कोणाला विचारायचं" हेच बदलून टाकलं.

*मरडू, २०१९ आणि २०२०.* हा खटला किनाऱ्यावर व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. केरळात कोचीजवळच्या मरडू पंचायतीने २००६ साली खाडीकाठच्या टोलेजंग इमारतींना परवाने दिले, पण किनारा प्राधिकरणाची संमती घेतली नाही. पुढे पंचायतीने स्वतःच नोटिसा काढल्या, बिल्डर उच्च न्यायालयात गेले आणि तिथे जिंकलेही. इमारती पूर्ण झाल्या, तीनशेहून जास्त फ्लॅट विकले गेले, लोक राहायला आले. ८ मे २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमतीशिवाय दिलेले परवाने बेकायदा आहेत, इमारती पाडा. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला त्या स्फोटकांनी पाडल्या. फ्लॅटधारकांना प्रत्येकी २५ लाखांची अंतरिम भरपाई सरकारने द्यावी आणि बिल्डरांकडून वसूल करावी, असाही आदेश होता. बघा, परवाना खरा होता, सही खरी होती, शिक्का खरा होता. फक्त ज्याला विचारायचं त्याला विचारलं नव्हतं.

*कल्याण-डोंबिवली, २०२४.* इथे तर महापालिकेच्या परवानग्याच बनावट निघाल्या. त्या कागदांवर रेराची नोंदणीही झाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. धडा एवढाच, की रेरा नंबर बघून निर्धास्त होऊ नका. मूळ परवानगी ज्या कार्यालयाची आहे तिथे जाऊन खातरजमा करा.

*वाढवण, २०२४.* आता उलट बाजूही बघा, नाहीतर लेख एकतर्फी होईल. डहाणूच्या याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला होता. नव्या प्रस्तावाला ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने अटींसह ना-हरकत दिली. मच्छीमार आणि पर्यावरण संघटना उच्च न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये त्या याचिका फेटाळल्या गेल्या आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. तुमचं बंदराबद्दल मत काहीही असो, कायद्याचा मुद्दा समजून घ्या. ज्याला अधिकार आहे त्याने, प्रक्रिया करून, कारणं देऊन निर्णय दिला, की कोर्ट तज्ज्ञांच्या जागी बसून तो सहसा बदलत नाही. म्हणून वकिलाकडे जाताना "हे वाईट आहे" एवढं घेऊन जाऊ नका. "याला हा अधिकार नव्हता, कारण..." हे घेऊन जा.

कोणता दरवाजा कधी ठोठावायचा?

समजा, बोर्डीजवळ तुमचं छोटं होमस्टे आहे. शेजारच्या चिकूच्या वाडीत तीन मजली रिसॉर्टचं काम सुरू झालं. ते ग्रामपंचायतीचा कागद दाखवतात. तुमच्याकडे काय पर्याय आहेत?

पायरी ० : लेखी तक्रार. जिल्हाधिकारी किंवा नगरपरिषद, जे तुमचं नियोजन प्राधिकरण असेल त्यांच्याकडे, एमआरटीपीच्या कलम ५२, ५३ आणि ५४ चा उल्लेख करून अर्ज द्या. ५२ हे अनधिकृत विकासाच्या गुन्ह्याचं, ५३ बांधकाम काढण्याच्या नोटिशीचं, ५४ काम थांबवण्याचं कलम. आवक क्रमांक आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. पुढे उच्च न्यायालयात "अधिकाऱ्याला कर्तव्य करायला सांगा" अशी मागणी करायची, तर आधी तुम्ही ते मागितलं होतं आणि त्याने केलं नाही, हे दाखवावं लागतं. ही पोच म्हणजे तुमच्या केसचा पाया.

दरवाजा १ : अपील. कलम ४७ चं अपील राज्य सरकारकडे, हुकूम कळल्यापासून ४० दिवसांत. पण लक्षात घ्या, हे अर्जदारासाठी आहे, म्हणजे ज्याला परवानगी नाकारली किंवा अटी घातल्या त्याच्यासाठी. शेजाऱ्याला हा दरवाजा नाही. बरेच जण इथेच महिने घालवतात.

दरवाजा २ : उच्च न्यायालयात रिट याचिका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली. पालघर जिल्ह्याचं काम मुंबईच्या मुख्यपीठाकडे चालतं. इथे तीन गोष्टी मागता येतात. हुकूम रद्द करा, अधिकाऱ्याला कायद्याप्रमाणे कारवाई करायला सांगा आणि तोवर काम थांबवा. "आधी दुसरीकडे जा" ही हरकत घेतली जाते. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या व्हर्लपूल खटल्यात स्पष्ट केलं आहे की हुकूम पूर्णपणे अधिकाराबाहेरचा असेल, तर पर्यायी उपाय असला तरी उच्च न्यायालय थेट ऐकू शकतं. म्हणून सुरुवातीला मी "चुकीचा" आणि "अधिकारबाह्य" हा फरक सांगितला. हा दरवाजा त्याच फरकावर उघडतो.

स्वतःचं नुकसान होत असेल तर साधी रिट. साऱ्या गावाचा प्रश्न असेल तर जनहित याचिका. पण धंद्यातल्या स्पर्धकाला अडवायला जनहित याचिकेचा मुखवटा घालू नका. कोर्टाच्या ते लक्षात येतं आणि दंड बसतो.

दरवाजा ३ : राष्ट्रीय हरित लवाद, पुणे. सीआरझेड, हवा, पाणी, वन संवर्धन अशा ठरावीक कायद्यांचे प्रश्न इथे. एमआरटीपी त्या यादीत नाही. म्हणजे निव्वळ "ग्रामपंचायतीला अधिकार नव्हता" एवढाच मुद्दा असेल तर लवाद नाही, पण "किनारा प्राधिकरणाची संमती नाही" असेल तर लवाद. मुदती कडक आहेत. पर्यावरण मंजुरीविरुद्धचं अपील ३० दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. मूळ वादाचा अर्ज ६ महिन्यांत, त्यावर फार तर ६० दिवस. भरपाईसाठी ५ वर्षं, अधिक ६० दिवस. त्यापुढे लवादाला उशीर माफ करताच येत नाही.

दरवाजा ४ : दिवाणी कोर्ट. तुमच्या वहिवाटीच्या रस्त्यावर भिंत आली, हद्द ओलांडली, तर तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात घोषणा आणि मनाई हुकमाचा दावा. पण एमआरटीपीच्या कलम १४९ मुळे नियोजन प्राधिकरणाच्या हुकमांना दाव्यात आव्हान देण्यावर बंधन आहे. हुकूम मुळातच शून्य आहे असा युक्तिवाद करता येतो, पण वेळ जातो. म्हणून खासगी हक्क दिवाणी कोर्टात आणि परवानगीचा अधिकार उच्च न्यायालयात, अशी विभागणी बहुतेक वेळा सोयीची. सरकारविरुद्ध दावा असेल तर दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय जाता येतं.

तीन गोष्टी ज्यावर केस बुडते

*उशीर.* रिटला ठरलेली मुदत नाही, पण पाया खणताना गप्प बसलेला माणूस स्लॅब पडल्यावर आला, तर कोर्ट पहिला प्रश्न तोच विचारतं. फोटो काढा, तारखा लिहून ठेवा, पहिल्या पंधरवड्यात अर्ज द्या.

*परवानगीधारकाला पक्षकार न करणं.* ज्याची परवानगी रद्द करायची आहे त्याला ऐकल्याशिवाय कोर्ट ती रद्द करत नाही. त्याचं नाव याचिकेत हवंच.

*हुकूम शून्य आहे म्हणून स्वतःच वागायला सुरुवात करणं.* अधिकारबाह्य हुकूमसुद्धा कोर्टाने तसं म्हणेपर्यंत कागदावर जिवंत असतो. शेजाऱ्याचं कुंपण स्वतः तोडायला गेलात तर गुन्हा तुमच्यावर.

आणि परवानगीधारक तुम्हीच असाल तर?

हा भाग जास्त अवघड. प्रामाणिकपणे पैसे भरलेत, परवानगी घेतलीत, आता नोटीस आलीये.

आधी घाबरू नका, पण नोटीस ड्रॉवरमध्येही ठेवू नका. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबाबत देशभरासाठी नियम घालून दिले. किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि कारणांसह हुकूम. सार्वजनिक रस्ता, नदीपात्र अशा जागांना आणि कोर्टाच्या आदेशाने होणाऱ्या पाडकामाला हे लागू नाही. बाकी ठिकाणी ते तुमचं संरक्षण आहे. लेखी उत्तर द्या, सुनावणीला हजर राहा.

दुसरं, खरंच कमी काय आहे ते शोधा. फक्त चुकीच्या कार्यालयाने सही केली, पण जमिनीचा झोन, उद्योगाचा गट आणि किनाऱ्यापासूनचं अंतर सगळं नियमात बसतंय? मग योग्य प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज करून मार्ग निघू शकतो. पण लाल गटाचा उद्योग असेल किंवा किनाऱ्याच्या ना-विकास पट्ट्यात हॉटेल असेल, तर कोणीही ते नियमित करून देऊ शकत नाही. "करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

तिसरं, सरकारने परवानगी मागे घ्यायची ठरवली तर कलम ५१ बघा. आराखड्याच्या कारणाने परवानगी रद्द करताना तुम्हाला ऐकावं लागतं, बांधकाम बरंच पुढे गेल्यावर हे कलम वापरता येत नाही आणि परवानगीनंतर केलेल्या खर्चाची भरपाई मागता येते. पण हे संरक्षण वैध परवानगीचं. फसवणुकीने किंवा अधिकाराशिवाय मिळालेल्या कागदाला त्याची ऊब मिळेल असं धरून चालू नका.

चौथं, पैसे कोणाकडून मागायचे? गाळा किंवा फ्लॅट घेतला असेल तर बिल्डरविरुद्ध महारेरा किंवा ग्राहक आयोग. बनावट कागद असतील तर पोलिसांत फसवणुकीची तक्रार. भाड्याने घेतला असेल तर करारातली हमीची कलमं. म्हणूनच करारात एक ओळ घालून घ्या : "सर्व परवानग्या सक्षम प्राधिकरणाच्या आहेत, तसं नसल्यास मालक अनामत आणि झालेला खर्च परत देईल." ही एक ओळ पुढे लाखांची ठरते.

पाचवं, कोणी तुमच्या परवानगीविरुद्ध दिवाणी कोर्टात जाणार अशी कुणकुण लागली तर कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस चालतं आणि तुम्हाला न ऐकता सहसा मनाई हुकूम होत नाही.

छोट्या व्यावसायिकाने हे आत्ताच का करायचं?

१७ डिसेंबर २०२४ ला मेरठच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जे निर्देश दिले त्यामुळे. अनधिकृत इमारतीत कोणत्याही व्यवसायाला परवाना देऊ नये. वीज-पाण्याची जोडणी भोगवटा किंवा पूर्णत्व प्रमाणपत्र बघूनच द्यावी. बँकांनी कर्ज देताना ते तपासावं. चुकीची प्रमाणपत्रं देणाऱ्या अधिकाऱ्यांवर खात्याची कारवाई व्हावी. म्हणजे इमारत मालकाची, चूक अधिकाऱ्याची, पण अडकणार तुमचं लायसन्स, तुमचं मीटर आणि तुमचं कर्ज.

जागा घेण्याआधीची यादी

१. ताजा सातबारा आणि जुने फेरफार. खातेदार आदिवासी आहे का, पूर्वी होता का?

२. प्रादेशिक आराखड्याचा झोन दाखला, नगररचना कार्यालयातूनच.

३. गावठाणाची हद्द नकाशावर. "जवळच आहे" चालत नाही.

४. उद्योग असेल तर गट कोणता आणि त्या गटाला कोणाची मंजुरी लागते.

५. किनारा किंवा खाडी जवळ असेल तर मंजूर किनारा नकाशावर तुमचा गट नंबर.

६. परवानगीच्या हुकमात कलम कोणतं लिहिलंय, सही कोणत्या पदाची आहे आणि त्या पदाला तो अधिकार कोणत्या आदेशाने दिलाय.

७. माहिती अधिकारात त्या हुकमाची आणि अधिकार प्रदान आदेशाची प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस. सौदा घाईत असेल तर सौदा थांबवा, अर्ज थांबवू नका.

सहावा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी लोक बघतात. हुकमावर "जिल्हाधिकारी यांच्याकरिता" असं लिहून खालच्या अधिकाऱ्याची सही असते. तसं करता येतं, पण त्यासाठी लेखी अधिकार दिलेला असावा लागतो. तो कागद मागायला लाजू नका.

शेवटी पैशाचं. उच्च न्यायालय म्हटलं की लोकांना धडकी भरते. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, महिला, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा. डहाणू-तलासरीतल्या कितीतरी कुटुंबांना हा हक्क आहे, फक्त माहीत नसतो. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

हा लेख समज वाढवण्यासाठी आहे, तुमच्या केसचा सल्ला नाही. कागद घेऊन वकिलाकडे जा, पण जाताना हा प्रश्न तयार ठेवा : "सही कोणाची आहे, आणि त्याला ती करायचा अधिकार कुठून आला?"

पुढच्या व्हिडिओत शेडच्या भाडेकरारात कोणती कलमं घालून घ्यायची ते एकेक करून बघू. तोपर्यंत धंदा जपून करा, कागद त्याहून जपून ठेवा.